गॅसची फोर्कलिफ्ट, गोखिवऱ्याची शेड आणि थोरल्या दिरांचं कुलूप

पहिली गोष्ट, मी अजून मेलेले नाही. हे आमचे थोरले दीर हरिश्चंद्र नारायण चुरी यांना कोणीतरी एकदा नीट सांगावं. कारण दिवाळीचे दिवे विझायच्या आत त्यांनी माझी गॅसवरची फोर्कलिफ्ट मोबाइलवरच्या जुन्या मालाच्या बाजारात विकायला लावली. मला न विचारता. खाली लिहिलं, "जुने मॉडेल, गॅसवर चालणारे, जागा खाली करणे आहे." आणि फोटो कुठला लावला, तर दसऱ्याच्या पूजेचा. काट्यांना झेंडूची माळ आणि शेजारी मी, हातात नारळ. आठवडाभर फोन येत होते. भिवंडीच्या एकाने विचारलं, बाई सोबत मिळते का. मी म्हटलं मिळते, पण ती सांभाळायला तुझं अख्खं खानदान कमी पडेल.

तर आता रीतसर.

मी, लतिका जयवंत चुरी, वय पन्नास, धंदा फोर्कलिफ्ट भाड्याने देणे, राहणार सांडोर, तालुका वसई, जिल्हा पालघर, शिक्षण सातवी, त्यातलंही गणित सोडून, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, तशी कोणाची टापही नाही. नशापाणी नाही, चहा धरत असाल तर तेवढाच. येत्या सोमवारी माझं पिशवी काढायचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात अगदी साधं आहे. पोट त्यांचं नसल्यामुळे त्यांना ते साधं आहे.

वकीलबाई स्वप्ना यांनी आधी एक टाईप केलेला मसुदा दिला होता. त्यात होतं की "सदर मजकुराचा आशय मला पूर्णपणे समजला आहे." तो आशय मला समजला नाही, म्हणून मसुदा परत केला. हे मी लिहिलेलं आहे, हे मला समजतं आणि ज्यांना लागायचं त्यांनाही समजेल.

कलम १. माझं काय काय आहे आणि भांडण कशाचं आहे.

गोखिवऱ्याची पत्र्याची शेड माझ्या मिस्टरांच्या, म्हणजे जयवंतच्या, आणि हरिश्चंद्र भाऊजींच्या नावावर अर्धी अर्धी. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी जयवंत गेला. त्याने त्याचा अर्धा भाग मृत्युपत्राने मला दिला. सांडोरची केळीची वाडी, तिचंही तसंच, अर्धी भाऊजींची, अर्धी माझी. त्याच वाडीत दोन घरं, एका घरात ते, एका घरात मी. मधे एक अळूचा वाफा आणि अबोला. विरारची एक खोली आणि फोर्कलिफ्ट मात्र सगळीच्या सगळी माझी.

शेडीची वाटणी झालेली नाही, पण मधोमध चुन्याची रेघ आहे, ती दोघा भावांनी मिळून मारलेली. पुढचं फाटक भाऊजींच्या बाजूला, मागची भिंत माझ्या बाजूला. बिल्डरला तिथे टॉवर बांधायचा आहे आणि भाऊजींना त्यात नवव्या माळ्यावर बसून केळी बघायची आहेत. त्यासाठी शेड मोकळी पाहिजे. म्हणून त्यांचं म्हणणं असं की गॅसच्या गाड्यांचा जमाना गेला, आता सगळं बॅटरीवर आलं, तेव्हा शेड ठेवून उपयोग काय. जाहिरात लावून गाडी खपली नाही, तेव्हा त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. गाडी आत, माझी मुलगी संपदा बाहेर. तिची दोन कारखान्यांची कामं अडून बसली आहेत. तिसऱ्याने दुसरी गाडी बघितली.

वकीलबाई म्हणाल्या दावा लावू. लावता येईल. निकाल संपदाच्या नातवाला वाचून दाखवा.

कलम २. फोर्कलिफ्ट माझी मुलगी संपदा जयवंत चुरी, वय चोवीस, हिला दिली आहे. दोन सिलिंडर, जादा पट्टे, तेलाचे डबे आणि सीटवरच्या उशीसकट.

जमिनीच्या कागदात चतुःसीमा लिहितात, पूर्वेला अमक्याची विहीर, पश्चिमेला तमक्याचा बांध. तशी हिची चतुःसीमा मी लिहिते. वकीलबाई म्हणाल्या याची गरज नाही. गरज आहे. जो माणूस म्हणतो हिचा जमाना गेला, त्याला जमाना आला कधी होता तेही ठाऊक नाही.

हे मला फेबियनने सांगितलं. फेबियन डाबरे आमच्या सांडोरचाच. आखातातल्या बंदरावर अशाच गाड्या दुरुस्त करून आला, आणि तिकडची माहिती विचारली की जेवण थंड होईपर्यंत सांगतो. त्याचं म्हणणं, पहिल्या मोठ्या लढाईच्या सुमारास ओझी उचलायला माणसं पुरेनात, तेव्हा साहेबांनी ढकलगाडीला मोटर बसवली. मग ओझं वर उचलायची सोय केली. दुसऱ्या लढाईत लाकडी फळ्यांची पॅलेट आली आणि काट्यांच्या गाड्या गोद्यांत गल्लोगल्ली दिसायला लागल्या. काही बॅटरीवर, काही पेट्रोलवर. म्हणजे ज्या बॅटरीला भाऊजी नवा जमाना म्हणतात, ती त्यांच्या जन्माआधीची आहे. पेट्रोलवाली बंद गोदामात चालवली की माणसाला भोवळ यायची. तिकडे अमेरिकेत तेलाच्या विहिरीतून निघणारा गॅस लोक नुसताच जाळून टाकत होते. कोणाला तरी सुचलं की तो नळकांड्यात भरून पेट्रोलच्या इंजिनाला पाजावा. धूर कमी झाला. इंजिन तेच, फक्त खाणं बदललं. मंदा जाऊबाईंनी श्रावणात भाऊजींची मासळी बंद केली तसंच. माणूस तोच, वास तेवढा कमी.

पुढे परदेशात धूर धुणाऱ्या डब्या आल्या, हवा किती आणि गॅस किती हे ठरवणारे कॉम्प्युटर आले. आमच्या गाडीत ते काही नाही. म्हणून संपदाला बजावून ठेवते, बिनधुराची दिसते म्हणून शटर लावून आत चालवायची नाही. गॅसच्या गाडीचं विष डोळ्यांना दिसत नाही. नातेवाइकांसारखंच.

आता इथली गोष्ट. दोघे भाऊ टेम्पोने दादरला केळी न्यायचे. मी लग्न होऊन आले त्या साली त्यांनी बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावातून डिझेलची फोर्कलिफ्ट आणली आणि वालीवच्या कारखान्यांना भाड्याने द्यायला लागले. एक कारखाना पापडाचा होता. डिझेलची काजळी पापडावर बसायची. गिऱ्हाइकांना वाटलं मिरी आहे, खप वाढला. मग कोणीतरी पापड न भाजता नीट बघितला. मालकाने सांगितलं, गॅसची गाडी आणा नाहीतर तोंड दाखवू नका.

भाऊजी त्याच दिवशी मुंबईला जाऊन गॅसचा किट घेऊन आले. डिझेलच्या गाडीसाठी. किटला हार घातला, पेढे वाटले. फेबियनने दोन पेढे खाऊन घेतले आणि मग सांगितलं की डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते आणि हा किट ठिणगीवर पेटणाऱ्या इंजिनाचा आहे. दुकानदार किट परत घेईना. शेवटी डिझेलची गाडी विकली आणि बंदराच्या लिलावातून जपानी पेट्रोलची घेतली, गॅस बसवलेली. तीच ही.

तिला सिलिंडर लागतो तो वेगळा, आडवा झोपणारा. त्यातून गॅस पातळ येतो, मग गाडी स्वतःच्या गरम पाण्याने त्याची वाफ करते. त्या सिलिंडरसाठी एजन्सीत अर्ज करून दोघे भाऊ वाट बघत होते. आणि पापडवाल्याने एक दिवस सांगितलं, आज माल हलला नाही तर उद्या दुसरा बघतो. तो दिवस संपदाच्या बारशाचा होता.

मे महिना, वाडीत मांडव, होळी गावाहून माझ्या माहेरची माणसं आलेली. शेगडीवर मोठ्या टोपात वालाचं बिरडं, जेमतेम एक कढ आलेला. भाऊजी आत आले, शेगडी बंद केली, रेग्युलेटर काढला आणि सिलिंडर खांद्यावर घेतला. मंदा जाऊबाई पुरी लाटता लाटता लाटणं वर धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "भाऊजी, वर बिरडं आहे."

ते म्हणाले, "बिरड्याला चूल चालते. गाडीला चालत नाही."

उभ्या आयुष्यात हे एक वाक्य त्यांना बरं सुचलं, ते मी प्रामाणिकपणे इथे नोंदवते.

घरचा गॅस गाडीला लावणं हा सरकारी गुन्हा, तो वेगळाच, त्याच्या आधी निसर्गाने निकाल दिला. घरचा लाल सिलिंडर त्यांनी गाडीच्या मागे उभा बांधला, घोडीवर नवरदेव बसवतात तसा. गाडी वालीवला पोचली, पापडाचं पॅलेट उचललं, चढणीवर अर्ध्यात गेली आणि बसली. उभ्या सिलिंडरातून नुसती वरची वाफ येते, गाडीची तहान मोठी. एवढी वाफ ओढल्यावर सिलिंडर गार पडला आणि त्याच्या अंगावर बर्फ धरला. भर मे महिन्यात. कारखान्यातली माणसं हात लावून बघायला आली. एकाने सोड्याची बाटली टेकवून ठेवली. पापड हवेत, भाऊजी खाली, जयवंत कपाळाला हात लावून.

इकडे चूल पेटेपर्यंत माणसं ताटावर बसली होती. अर्धकच्चे वाल वाढले. माझ्या होळीच्या मावशीचं पोट जे बिघडलं, ती अजून कुठल्याही लग्नात पहिला घास घ्यायच्या आधी विचारते, वाल शिजलेत ना. एका सिलिंडराने दोन गावांत नाक कापायचं काम आमच्या घराण्यानेच केलं असेल.

पापडवाला मात्र टिकला. त्याला ती बर्फाची गंमत इतकी आवडली की त्याने एजन्सीत स्वतः ओळख लावली. तिथून पुढे चोवीस वर्षं या गाडीने आमचं घर उचललं. जमाना याला म्हणतात.

कलम ३. वरचा गॅसचा किट, डिझेलच्या गाडीसाठी आणलेला, खोक्यात आहे तसा, वाळक्या हारासह, श्री. हरिश्चंद्र नारायण चुरी यांना. त्यांनी तो नवव्या माळ्यावर शोकेसमध्ये ठेवावा.

कलम ४. संपदाविषयी.

जयवंत गेल्यावर ड्रायव्हर सोडून गेला आणि ही सीटवर बसली. तिच्या बारशाला गाडी बंद पडली म्हणून तिला चालवता येते, असली कौतुकं मला सांगू नयेत. शिकली म्हणून येते. लायसन आहे. पॅलेट ठेवते तर खालचं अंडं फुटायचं नाही. भाऊजी म्हणाले होते, मुलीची जात, दिवसभर काटे वरखाली करत बसणार का. घरात डबे वरखाली केलेले चालतात, त्याला कोणी जात विचारत नाही.

स्थळं येतात. एका बँकेतल्या मुलाने विचारलं, लग्नानंतर हे सोडशील ना. ती म्हणाली, तुम्ही बँक सोडाल का. विचार करून कळवतो म्हणाला. मागच्या पावसाळ्यापासून विचार करतो आहे.

तिला सूचना. काम संपलं की आधी सिलिंडरचा कॉक बंद करायचा आणि इंजिन चालू ठेवायचं, पाइपातला गॅस जळून ते आपोआप थांबलं की मग उतरायचं. पताका बांधायला माणसं काट्यावर चढवायची नाहीत. आपल्या गणपतीला नाही आणि फेबियनच्या चर्चच्या फेस्तालाही नाही, कोण कितीही मोठा पुढारी सांगायला येवो.

आणि बॅटरीचं. मी आंधळी नाही. नायगावच्या गोदामात संपदाने मला बॅटरीची गाडी दाखवली, नवीन जातीची. मी चालवलीसुद्धा. आवाज नाही, वास नाही, सिलिंडर बदलणं नाही. अंगावर येईपर्यंत कळत नाही तेवढी एक खोट. चांगली गाडी आहे. आज ओल्या अंगणात आणि लांबच्या पाळीत गॅसवाली बरी पडते, ड्रायव्हरचा चहा होईपर्यंत सिलिंडर बदलून होतो. उद्या तेही राहणार नाही. तेव्हा संपदाने झेपेल तशी बॅटरीवाली घ्यावी. या गाडीचं इंजिन बसलं की सरळ भंगारात द्यावी, रडू नये, फोटो काढू नये. पण बॅटरीची गाडी रात्री चार्जिंगला लागते आणि ते केळीच्या झाडाखाली करता येत नाही, त्याला छप्पर आणि मीटर लागतं. गाडी कशावरही चालो, उभी करायला शेड पाहिजेच. हे भाऊजींना कळत नाही असं नाही. कळतं, म्हणून तर कुलूप घातलं.

कलम ५. विरारची खोली माझा मुलगा विघ्नेश याला. तो पुण्याला कॉम्प्युटरवर असतो आणि रविवारी फोन करून सांगतो, आई, टेन्शन घेऊ नकोस. टेन्शन मी घेत नाही, ते घरपोच येतं. कुलपाचं कळल्यावर म्हणाला, दोघांचं ऐकून मधला मार्ग काढ. बाळा, मधला मार्ग फाटकातूनच जातो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला मी त्यालाच नेमते. आयुष्यात एकदा तरी त्याला कोणाची तरी बाजू घ्यावी लागेल.

कलम ६. माझ्या दोन पाटल्यांपैकी एक संपदाला, एक मंदा जाऊबाईंना. जाऊबाई, बारशाच्या दिवशी ओली लाकडं फुंकून डोळे लाल करून तुम्ही माझ्यासोबत उभ्या राहिलात, ते मी विसरले नाही. दोन्ही पाटल्या तुम्हालाच द्यायच्या होत्या. पण कुलूप आणलेलं तुम्हाला आदल्या दिवसापासून माहीत होतं आणि अळूच्या वाफ्यापलीकडून तुम्ही मला हाक मारली नाहीत. त्याची एक पाटली कापली.

कलम ७. बँकेत आहे ते ऑपरेशन खाईल. त्याच्या तोंडातून उरलं तर संपदाचं.

कलम ८. पान्यांचा डबा फेबियनला लिहून द्यायचा होता. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये. फेबियनला विचारलं, साक्षीदार व्हायचं की पाने पाहिजेत. त्याने बराच विचार केला. शेवटी पाने कालच देऊन टाकले.

कलम ९. मेलेच तर गाजावाजा नको. मला फोर्कलिफ्टवर ठेवून न्यायची कल्पना फेबियनला सुचली होती, ती इथे रद्द करते. दहाव्याला बिरडं करायला हरकत नाही, शिजवून.

कलम १०. वाडी आणि शेड.

हे कलम सगळ्यात शेवटी लिहिते, कारण याला हात जड होतो.

भाऊजी, वाडी तुम्हाला लहानपणापासून अख्खी पाहिजे होती. जयवंत असताना तुम्ही कितीदा विषय काढलात आणि त्याने कितीदा टाळला. माझा वाडीतला अर्धा हिस्सा मी तुम्हाला देते, माझ्या घरासकट. त्याच्या बदल्यात शेडीचा तुमचा अर्धा हिस्सा संपदाच्या नावावर करा. अदलाबदल. बाजारात कशाची किंमत जास्त ते मला माहीत आहे, बिल्डरला विचारू नका. टॉवर होणार नाही, पण अख्खी वाडी तुमची होईल आणि केळी खालूनच बघता येतील.

वाडीचं मला काही वाटत नाही असं समजू नये. त्या विहिरीवर मी नवी नवरी म्हणून पहिली घागर भरली. पण केळीला मी नसले तरी घड येतो. संपदाला शेड नसली तर काम येत नाही. विघ्नेशला विचारलं आहे. त्याने हरकत नाही म्हटलं, चक्क एका वाक्यात.

हे तुम्हाला मान्य नसेल तर या कलमाऐवजी पुढचं लागू. माझा वाडीतला हिस्सा आणि शेडीतला हिस्सा, दोन्ही संपदाला. फाटकाचं कुलूप तुमचं आहे, पण मागची भिंत माझ्या बाजूची आहे. रविवारी संपदा ती बाहेरून उतरवेल. फेबियन विटा उचलेल. गाडी सांडोरला येईल आणि वाडीत माझ्या हद्दीत उभी राहील. माझी हद्द तुमच्या ओटीसमोरच येते. रोज पहाटे इंजिन गरम करावं लागतं. जुनी गाडी आहे, वेळ घेते.

हे सगळं मी शुद्धीवर, दोन्ही साक्षीदारांच्या देखत वाचून दाखवलं आणि त्यांच्या देखत सही केली. भागूबाई आमच्या शेडीच्या फाटकाशी मासळी घेऊन बसते, पाचूबंदरची. ती ऐकून म्हणाली, "अगो लतिका, मेल्यावर उघडायचा कागद तू जितेपनीच वाचून दाखवतेस?" मी म्हटलं, मेल्यावर वाचला तर भाऊजींचं उत्तर ऐकायला मी कुठून येऊ.

ठिकाण: सांडोर, वसई
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

मृत्युपत्र करणार: लतिका जयवंत चुरी (सही)

साक्षीदार १: फेबियन डाबरे, सांडोर (सही. पाने मिळाले, या कागदाशी त्यांचा संबंध नाही.)
साक्षीदार २: भागूबाई मेहेर, पाचूबंदर (सही. अंगठा नको म्हणाली, सही येते.)

प्रत: श्री. हरिश्चंद्र नारायण चुरी, अळूच्या वाफ्यापलीकडे. संपदाच्या हाती.

भाऊजी, रविवारी संध्याकाळी मला दवाखान्यात भरती व्हायचं आहे. त्याच्या आधी मला कळलं पाहिजे की माझी मुलगी सोमवारी कामाला जाणार की माझ्या खाटेशेजारी बसून फाटकाचा विचार करणार. शनिवार, बावीस नोव्हेंबर, दिवेलागणीच्या आत माझ्या ओटीवर या आणि अदलाबदल मान्य आहे की नाही ते सांगा. मान्य असेल तर किल्ली घेऊन या, नसेल तर हात हलवत या. उत्तर तुमच्याच तोंडून पाहिजे. जाऊबाईंना पाठवलंत तर उत्तर "नाही" असंच धरीन.